अंधारातली वाट आखताना : छोट्या विमानाच्या रात्रीच्या उड्डाणांचा इतिहास

दिवसा उडणाऱ्या छोट्या विमानाच्या वैमानिकाला नुसते खाली बघून पुष्कळ काही कळते. नदी कुठे वळली, लोहमार्ग कोणत्या गावाकडे गेला, पुढचे ढग किती खाली उतरलेत, इंजिनाने दगा दिलाच तर कोणते शेत सपाट आहे, हे सगळे त्याला उडता उडता ठरवता येते. रात्री यातले बहुतेक दिसत नाही. म्हणून दूरच्या रात्रीच्या उड्डाणाचा मोठा भाग जमिनीवर, उड्डाणापूर्वीच पार पडतो. वैमानिकाला चार प्रश्नांची उत्तरे आधीच हाताशी ठेवावी लागतात : अमुक वेळी आपण कुठे असू, इंधन पुरेल का, वाटेत हवा कशी असेल आणि अडचण आली तर उतरायचे कुठे. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत ही उत्तरे शोधण्याची साधने पार बदलली. प्रश्न मात्र तेच राहिले.

मोटारींच्या दिव्यांवर

खासगी विमानाने रात्री लांबचा पल्ला गाठण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न इंग्लंडमध्ये १९१० साली झाला. लंडन ते मँचेस्टर हे अंतर २४ तासांच्या आत विमानाने कापणाऱ्याला ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने १०,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. २७ एप्रिलला संध्याकाळी फ्रेंच वैमानिक लुई पोलां निघाला आणि अंधार पडल्यावर लिचफील्डजवळ उतरला. त्याच्या मागून निघालेला इंग्रज वैमानिक क्लॉड ग्रॅहॅम-व्हाइट रोड या गावापाशी उतरला, तेव्हा तो बराच मागे पडला होता. उजाडण्याची वाट पाहिली तर हार ठरलेलीच होती. त्याने रात्रीच निघायचे ठरवले.

पहाटे तीनच्या सुमारास मोटारगाड्यांच्या दिव्यांच्या उजेडात त्याचे फारमन जातीचे दोन पंखी विमान शेतातून उठले. पुढची वाट त्याने लोहमार्गाच्या आणि स्थानकांच्या दिव्यांवरून शोधली. तासाभराहून थोडा अधिक वेळ उडाल्यावर वाऱ्याने आणि इंजिनाच्या कुरबुरींनी त्याला पोल्सवर्थजवळ खाली उतरवले. तोवर पोलां पुन्हा उडाला होता आणि साडेपाचच्या सुमारास मँचेस्टरला पोचून त्याने बक्षीस जिंकले. ग्रॅहॅम-व्हाइट हरला, पण माहितीचा लोहमार्ग आणि जमिनीवर उजेड धरणारी माणसे एवढ्या भांडवलावर रात्री विमान नेता येते, हे त्याने दाखवून दिले.

शेकोट्यांची रात्र

रात्रीचे उड्डाण हौसेपुरते राहिले असते, तर त्याचे शास्त्र तयार व्हायला बराच वेळ लागला असता. त्याला गरजेचे रूप दिले अमेरिकेच्या टपाल खात्याने. १९१८ साली वॉशिंग्टन ते न्यूयॉर्क अशी विमान-टपाल सेवा सुरू झाली आणि सप्टेंबर १९२० मध्ये ती न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पोचली. अडचण एकच होती. सूर्य मावळला की विमान उतरवून टपालाच्या थैल्या आगगाडीत चढवाव्या लागत आणि सकाळी पुन्हा विमानात. विमानाने दिवसभरात कमावलेला वेळ रात्री आगगाडीत निघून जाई. एवढ्यासाठी विमाने कशाला पोसायची, असा प्रश्न अमेरिकी संसदेत विचारला जाऊ लागला.

उत्तर म्हणून २२ फेब्रुवारी १९२१ रोजी दोन्ही किनाऱ्यांवरून प्रत्येकी दोन विमाने सोडण्यात आली. भर हिवाळा होता. न्यूयॉर्कहून निघालेल्या दोघांपैकी एकाला पेनसिल्व्हेनियात खाली उतरावे लागले, दुसऱ्याला शिकागोच्या पुढे हवेने जाऊ दिले नाही. सॅन फ्रान्सिस्कोकडून निघालेल्या टपालापैकी एका विमानाचा नेवाडातील एल्कोजवळ अपघात होऊन वैमानिक विल्यम लुइस मरण पावला. उरले एकच विमान.

ते टपाल नेब्रास्कातील नॉर्थ प्लॅट येथे जॅक नाइट याच्या हाती आले. रात्री पावणेअकराच्या सुमारास तो निघाला. वाटेतल्या गावांनी आणि शेतकऱ्यांनी पेटवलेल्या शेकोट्या पाहत मध्यरात्रीनंतर ओमाहाला पोचला. तिथे पुढचा वैमानिक हजरच नव्हता, हवा खराब असल्याने तो शिकागोत अडकला होता. पुढच्या मार्गावर नाइट पूर्वी कधी उडालेला नव्हता आणि त्या टप्प्यात शेकोट्याही नव्हत्या. ओमाहाच्या कचेरीत मिळालेला रस्त्यांचा नकाशा त्याने नीट पाहून घेतला आणि तो विमानात बसला. डी मॉइनला बर्फ इतके साचले होते की उतरता येईना. इंधन संपत आले असताना तो आयोवा सिटीवर पोचला. इंजिनाचा आवाज ऐकून तिथल्या रखवालदाराने मैदानावर मशाल पेटवली. टाकी भरून नाइट पुन्हा उडाला आणि सकाळी पावणेनऊच्या आत शिकागोला उतरला. पुढे दोन वैमानिकांनी ते टपाल न्यूयॉर्कला नेले. एकूण वेळ लागला ३३ तास २० मिनिटे.

वर्तमानपत्रांनी नाइटला डोक्यावर घेतले आणि टपाल खात्याला पैसे मिळाले. खात्याच्या अधिकाऱ्यांनी यातून घेतलेला धडा मात्र वेगळा होता. एका वैमानिकाची हिंमत, एका रखवालदाराची तत्परता आणि वाटेवरच्या गावकऱ्यांची हौस यांच्या भरवशावर रोजची सेवा चालणार नव्हती. रात्रीची वाट कायमची बांधून काढावी लागणार होती.

दिव्यांचा रस्ता

१९२३ मध्ये ओहायो राज्यात डेटन आणि कोलंबस यांच्या दरम्यान लष्कराने फिरत्या दिव्यांचा प्रयोग केला. तो यशस्वी झाल्यावर टपाल खात्याने शिकागो ते शायेन हा मधला भाग उजळायला घेतला. हा भाग आधी निवडण्यामागे साधा हिशोब होता. कोणत्याही किनाऱ्यावरून पहाटे निघालेले विमान अंधार पडायच्या सुमारास या भागात पोचते, रात्र इथे काढते आणि उजाडता उजाडता पलीकडे बाहेर पडते. शिवाय इथली जमीन सपाट असल्याने मनोरे उभारणे सोपे होते आणि दिवे दुरून दिसत. १ जुलै १९२४ पासून न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशी रात्रंदिवसाची नियमित सेवा सुरू झाली. पश्चिमेकडे जायला सुमारे ३४ तास लागत, पूर्वेकडे यायला सुमारे २९. फरक वाऱ्याचा होता.

पुढे हा रस्ता ठरावीक नमुन्यावर बांधला गेला. साधारण दर दहा मैलांवर सुमारे पन्नास फुटी लोखंडी मनोरा आणि त्यावर दहा लाख कँडलपॉवरचा फिरता दिवा. तो मिनिटाला सहा फेरे घेई, म्हणजे वैमानिकाला दर दहा सेकंदांनी एक लखलखाट दिसे. मनोऱ्याच्या पायथ्याशी सिमेंटचा मोठा बाण काढून पिवळा रंगवलेला असे. तो पुढच्या मनोऱ्याकडे तोंड करून असे आणि दिवसाही उपयोगी पडे. शेजारच्या खोपटाच्या छपरावर मनोऱ्याचा क्रमांक लिहिलेला असे.

फिरत्या दिव्याखाली मार्गाच्या दिशेने रोखलेले दोन रंगीत दिवेही असत. ते हिरवे असतील तर खाली अडीअडचणीला उतरण्याजोगे मैदान आहे आणि लाल असतील तर नाही, असा संकेत होता. हेच दिवे मोर्स लिपीतले एक अक्षर लुकलुकवत. दर शंभर मैलांत दहा मनोरे, म्हणून दहा अक्षरे ठरवली होती : डब्ल्यू, यू, व्ही, एच, आर, के, डी, बी, जी, एम. क्रम लक्षात राहावा म्हणून वैमानिकांनी या आद्याक्षरांचे एक इंग्रजी वाक्यही जुळवले होते. ‘आर’ दिसले की शंभर मैलांच्या त्या टप्प्यातला पाचवा मनोरा आला, हे वैमानिकाला नकाशा न उघडता कळे. दर पंचवीस-तीस मैलांवर आणीबाणीची मैदाने होती आणि विमानात पॅराशूटला बांधलेले प्रकाशगोळे असत. उतरण्याची पाळी आली तर ते वरून सोडून जमीन उजळता येई.

१९२६ च्या हवाई वाणिज्य कायद्यानंतर ही व्यवस्था वाणिज्य खात्याकडे गेली. समुद्रकाठचे दीपस्तंभ सांभाळणाऱ्या विभागालाच आकाशमार्गाचे दिवे सांभाळायला सांगण्यात आले. १९३३ च्या सुमारास असे सुमारे १,५०० दिवे १८,००० मैलांचे मार्ग उजळत होते. टपाल विमानांसाठी बांधलेल्या या रस्त्याने खासगी वैमानिकही जाऊ लागले. एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्याकडे जायचे, इतकी ती आखणी सोपी होती. पण ती उघड्या हवेपुरतीच. धुक्यात किंवा ढगात दहा मैलांवरचा दिवा दिसत नाही आणि वैमानिकाला वाटेवर ठेवणारी दुसरी सोय नसे.

इंधनाचा हिशोब आणि नकाशावरची रेघ

इंधनाची चूक रात्री किती महागात पडते, याचा अनुभव सेंट लुइस–शिकागो मार्गावर टपाल नेणाऱ्या चार्ल्स लिंडबर्ग याने सप्टेंबर १९२६ मध्ये घेतला. शिकागोवर धुके होते. उतरण्याची जागा शोधत तो घिरट्या घालत राहिला आणि त्याच्या हिशोबाच्या बऱ्याच आधी इंजिन बंद पडले. विमानाची ११० गॅलनची मुख्य टाकी काढून तिथे ८५ गॅलनची बसवली होती आणि हे त्याला कोणी सांगितले नव्हते. राखीव टाकीही संपल्यावर त्याने पॅराशूटने उडी मारली. विमानाचे नाक खाली झुकताच तळाशी उरलेले इंधन इंजिनाकडे वाहिले, इंजिन पुन्हा सुरू झाले आणि ते रिकामे विमान त्याच्याच भोवती फेऱ्या घेत खाली आले. टाकीत काय आहे हे उड्डाणापूर्वी स्वतः पाहावे, हा नियम आज प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला घालून दिला जातो. त्यामागे असे कितीतरी प्रसंग आहेत.

आठ महिन्यांनी याच लिंडबर्गने एका इंजिनाच्या छोट्या विमानाने न्यूयॉर्क ते पॅरिस हा प्रवास एकट्याने केला. त्याची आखणी अभ्यासण्याजोगी आहे. सॅन डिएगोच्या ग्रंथालयातील पृथ्वीगोलावर दोरा ताणून त्याने अंतर काढले, ते सुमारे ३,६०० मैल भरले. मग ज्या नकाशावर पृथ्वीगोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग सरळ रेघेत येतो, त्यावर रेघ ओढून तिचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यासाठी होकायंत्राची वेगळी दिशा लिहून ठेवली. विमानाचा वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास धरला, म्हणजे दर तासाला एक तुकडा संपणार आणि दिशा थोडी बदलायची. समुद्रावरच्या रात्री त्याला खुणेचे काही दिसणार नव्हते. घड्याळ आणि होकायंत्र हेच त्याचे मैलाचे दगड होते.

टाकीत ४५० गॅलन इंधन होते. त्याच्या बदल्यात रेडिओ आणि पॅराशूट दोन्ही मागे ठेवले होते. न्यूयॉर्कच्या हवामान कचेरीतील जेम्स किंबल यांनी जहाजांकडून आलेल्या बातम्यांवरून अटलांटिकवरचे हवामान सुधारत असल्याचे सांगितल्यावर, २० मे १९२७ रोजी सकाळी पावणेआठनंतर तो उडाला. दुसऱ्या दिवशी जमीन दिसली ती आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याची, ठरवलेल्या रेघेपासून काही मैलांच्याच अंतरावर. साडेतेहेतीस तासांनी तो पॅरिसला उतरला तेव्हा टाकीत सुमारे ८५ गॅलन शिल्लक होते. आखणीत एका गोष्टीला मात्र जागा राहून गेली होती. उड्डाणाच्या आदल्या रात्री तो झोपलाच नव्हता आणि दुसऱ्या रात्री वाऱ्याधुक्याइतकीच झुंज त्याला झोपेशी द्यावी लागली.

दहा सेंटची वही

दिव्यांच्या रस्त्यावरून उडणाऱ्यालाही कुठल्या मैदानाची लांबी किती, कोणत्या बाजूला तारा आहेत, डोंगर किती उंच आहे, हे माहीत असावे लागे. ते कुठे छापलेले नव्हते. १९३० मध्ये टपाल वैमानिक म्हणून नोकरीला लागलेल्या एल्रे जेपेसन याने दहा सेंटला एक काळी वही विकत घेतली आणि तिच्यात हे टिपायला सुरुवात केली. मैदानांची लांबी, उतार, दिवे, आसपासचे अडथळे, सगळे मोजून आकृत्यांसह. डोंगराची, टाक्यांची, धुराड्यांची उंची कळावी म्हणून तो उंचीमापक घेऊन स्वतः त्यांवर चढे. वहीत शेतकऱ्यांचे दूरध्वनी क्रमांकही होते. निघण्यापूर्वी फोन करून तुमच्याकडे आकाश कसे आहे, असे विचारता यावे म्हणून.

सोबतचे वैमानिक तिची नक्कल मागू लागले. १९३४ पासून जेपेसनने ती छापून दहा डॉलरला विकायला सुरुवात केली. पुढे त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचे तक्ते जगभरच्या कॉकपिटमध्ये पोचले. त्याच सुमारास सरकारी पातळीवरही काम चालू होते. अमेरिकेच्या किनारी व भूमापन खात्याने १९३० पासून १:५,००,००० या प्रमाणाचे हवाई नकाशे छापायला सुरुवात केली. दिवे, मैदाने, मनोरे आणि जमिनीची उंची असे सारे त्यांवर होते. सुधारलेल्या रूपात ते आजही छापले जातात.

हवामानाची सोयही याच काळात लागली. १९२८ मध्ये कार्ल-गुस्ताफ रॉसबी या हवामानशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को मार्गावर निरीक्षकांचे जाळे उभारण्यात आले. वाटेवरच्या ठिकाणांहून ठरलेल्या वेळी ढगांची उंची, दृश्यता आणि वारा यांच्या बातम्या गोळा होत आणि निघणाऱ्या वैमानिकाला त्या एकत्र मिळत. शेतकऱ्याला फोन करून जे विचारायचे, तेच आता पद्धतशीर आणि एका ठिकाणी मिळू लागले.

वाऱ्याचा हिशोब करायला या दशकात एक साधनही आले. अमेरिकी नौदलातील फिलिप डाल्टन याने तयार केलेल्या गोल मोजपट्टीवर वेग, वेळ, इंधन आणि वाऱ्याचा त्रिकोण असे सगळे बोटाने फिरवून काढता येत असे. ‘ई-६-बी’ या नावाने ती दुसऱ्या महायुद्धात लष्करी वैमानिकांच्या हाती गेली आणि उड्डाण शाळांत अजूनही शिकवली जाते. समजा, पूर्वेला जायचे आहे, विमानाचा वेग ११० नॉट आणि उत्तरेकडून २० नॉटचा वारा आहे. नाक सरळ पूर्वेला ठेवले तर तासाभरात विमान २० नॉटिकल मैल दक्षिणेला सरकेल. म्हणून नाक सुमारे साडेदहा अंश उत्तरेकडे वळवून उडावे लागते. दिवसा ही चूक पहिल्याच नदीवर लक्षात येते. रात्री ती न भेटलेल्या गावावरून कळते आणि तोवर उशीर झालेला असतो.

कानांनी चालायची वाट

ढगांवर आणि धुक्यावर उपाय रेडिओने दिला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस चार दिशांना चार मार्ग सांगणारी रेडिओ केंद्रे उभी राहू लागली. मार्गाच्या एका बाजूला गेले की कानात मोर्समधला ‘ए’ ऐकू येई, दुसऱ्या बाजूला गेले की ‘एन’. बरोबर मध्यावर दोन्ही एकमेकांत मिसळून एकसलग सूर लागे. तो सूर सांभाळत वैमानिक डोळे न वापरता केंद्रापर्यंत पोचे. वादळी रात्री मात्र विजांच्या खरखरीत तोच सूर बुडून जाई, आणि नेमक्या त्याच रात्री त्याची गरज अधिक असे.

दुसरा प्रश्न विमान सरळ ठेवण्याचा होता. क्षितिज दिसत नसेल तर शरीराला विमानाचा कल नीट कळत नाही. २४ सप्टेंबर १९२९ रोजी लाँग आयलंडवर जिमी डूलिटल याने झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेर न बघता विमान उडवले, वळवले आणि उतरवले. त्याच्यापुढे कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक जायरो आणि अचूक उंचीमापक ही नवी यंत्रे होती. छोट्या खासगी विमानांत ही यंत्रे सर्रास यायला पुढे बरीच वर्षे गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर व्हीओआर ही नवी केंद्रे आली. ती अतिउच्च कंपनसंख्येवर चालत, त्यामुळे विजांचा त्रास फारसा राहिला नाही आणि चारऐवजी हव्या त्या दिशेने मार्ग धरता येऊ लागला. सूर ऐकण्याऐवजी काचेखालची सुई मध्यावर ठेवली की झाले. दिव्यांच्या मनोऱ्यांचे महत्त्व ओसरले आणि १९७० च्या दशकात अमेरिकेच्या केंद्र सरकारने ते चालवणे बंद केले. मोंटाना राज्याच्या डोंगराळ भागात काही मनोरे राज्य सरकारने एकविसाव्या शतकापर्यंत चालू ठेवले.

नागपूरची मध्यरात्र

भारतात १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले, ते दिवसाउजेडी. मुंबईत जुहूचे मैदान होते आणि रात्री उतरण्याजोग्या सोयी मार्गावर नव्हत्या. रात्रीच्या टपालाची वेळ स्वातंत्र्यानंतर आली आणि तिचे केंद्र झाले नागपूर. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास या चार शहरांतून डाकोटा विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावर असल्याने नागपूर चारही शहरांना जवळपास सारखे पडे. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कोलकात्यात पोचे. अमेरिकेत १९२१ साली एका रात्रीपुरते साधलेले काम इथे दोन दशकांहून अधिक काळ रोजच्या वेळापत्रकाने चालले. त्यात अपघातही झाले. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून उडालेले टपाल विमान कोसळून तेरा जण मरण पावले.

खासगी हौशी उड्डाणाची परंपरा मात्र भारतात अमेरिकेसारखी रुजली नाही. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात केवळ बाहेर बघून, म्हणजे दृश्य नियमांनुसार उडायला इथे सर्वसाधारणपणे मनाई आहे. अपवादासाठी हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी लागते. त्यामुळे खासगी वैमानिकाच्या रात्रीच्या लांब उड्डाणाचे नियम आणि रीती प्रामुख्याने अमेरिकेत घडल्या.

डोळ्यांची फसगत

वाट सापडल्यावर लक्ष गेले ते वैमानिकाच्या शरीराकडे. अंधाराला डोळे पुरते सरावायला अर्धा तास लागतो आणि पांढरा झगझगीत उजेड ती कमाई क्षणात घालवतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉकपिटमध्ये तांबड्या दिव्यांचा वापर वाढला. पण तांबड्या उजेडात नकाशावरच्या तांबूस रेघा दिसेनाशा होतात, हा त्यातला दोष. हवा विरळ झाली की रात्रीची नजर लवकर मंदावते. त्यामुळे रात्री पाच हजार फुटांच्या वर प्राणवायू वापरावा, अशी शिफारस अमेरिकी विमान प्रशासन करते.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचे काही न दिसता विमान सांभाळायला सांगितले गेले. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले. पुढे खासगी परवान्याच्या अभ्यासक्रमात यंत्रांवर उडण्याचा थोडा सराव आला.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस बोइंग कंपनीतील कॉनरॅड क्राफ्ट याने दुसरी फसगत उघड केली. काळ्याशार पाण्यावरून किंवा निर्मनुष्य जमिनीवरून दूरच्या दिव्यांकडे उतरताना अनुभवी वैमानिकांनाही आपण आहोत त्याहून उंच आहोत असे वाटते, मग ते विमान खाली नेत राहतात आणि धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला टेकतात.

१६ जुलै १९९९ रोजी जॉन एफ. केनेडी ज्युनियर न्यू जर्सीहून मार्थाज व्हिन्यार्ड बेटाकडे रात्री निघाले. सोबत दोघीजणी होत्या. नोंदवलेली दृश्यता नियमात बसणारी होती, पण समुद्रावर धूसर हवा होती आणि क्षितिज दिसत नव्हते. केनेडींकडे यंत्रांवर उडण्याचा परवाना नव्हता. पाण्यावर उतरत्या वाटेत दिशाभान सुटून विमानाचा ताबा गेला, असा निष्कर्ष चौकशीने काढला. तिघेही मरण पावले. नियमांनी परवानगी दिलेली प्रत्येक रात्र उडण्याजोगी असतेच असे नाही, हे या अपघाताने ठळकपणे दाखवले.

आजची आखणी

या सगळ्या अनुभवाचा सारांश आजच्या नियमांत आणि रीतींत सापडतो. अमेरिकेत खासगी परवान्यासाठी रात्रीचे किमान तीन तासांचे प्रशिक्षण लागते. त्यात एकूण शंभराहून अधिक नॉटिकल मैलांचे एक दूरचे उड्डाण आणि दहा वेळा उडणे-उतरणे येते. रात्री प्रवासी न्यायचे असतील तर गेल्या ९० दिवसांत रात्री तीनदा उडून पूर्ण थांबेपर्यंत उतरलेले असावे लागते. मुक्कामी पोचल्यावर दिवसा ३० मिनिटांचे आणि रात्री ४५ मिनिटांचे इंधन शिल्लक उरेल, इतके भरूनच निघावे लागते.

हा शेवटचा आकडा प्रत्यक्षात कसा लागू पडतो, ते एका उदाहरणावरून कळते. ३३० नॉटिकल मैल जायचे आहे. विमान जुने सेस्ना १७२, वेग ११० नॉट, वापरता येण्याजोगे इंधन ३८ गॅलन आणि खर्च तासाला साडेआठ गॅलन. वारा नसेल तर तीन तासांत पोचता येते. समोरून २० नॉटचा वारा असेल तर तीन तास चाळीस मिनिटे लागतात. त्यात पाऊण तास राखीव धरला की चार तास पंचवीस मिनिटे होतात, आणि टाकीतले इंधन पुरते चार तास अठ्ठावीस मिनिटे. इंजिन सुरू करून धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि वर चढण्यात जे जास्तीचे जळते ते धरले, तर हे उड्डाण एका दमात नियमात बसत नाही. वाटेत थांबणे आलेच. मग दुसरा प्रश्न उभा राहतो : रात्री अकरा वाजता त्या छोट्या विमानतळावर इंधन मिळेल का? कचेरी बंद असेल तर कार्डावर चालणारा पंप आहे का आणि तो चालू आहे का? जेपेसनच्या वहीतल्या दूरध्वनी क्रमांकांसारखाच एक फोन इथे आजही करावा लागतो.

मार्ग निवडताना सर्वांत जवळची रेघ रात्री चांगली असेलच असे नाही. पंधरा-वीस मैलांचा वळसा घेऊन हमरस्त्यावरून आणि दिवे असलेल्या विमानतळांवरून जाणे बहुधा शहाणपणाचे ठरते. उंची ठरवताना नकाशावरच्या प्रत्येक चौकोनात छापलेला सर्वांत उंच अडथळ्याचा आकडा बघितला जातो, कारण काळ्या आकाशापुढचा काळा डोंगर दिसत नाही. चंद्र कधी उगवणार आणि कोणत्या तिथीचा आहे, हेही पाहिले जाते. तापमान आणि दवबिंदू यांच्यातले अंतर दोन-तीन अंशांवर आले असेल तर पहाटेकडे धुके धरण्याची शक्यता असते, म्हणून पर्यायी विमानतळ शक्यतो वेगळ्या प्रकारच्या जमिनीवरचा निवडतात. एकाच नदीकाठचे दोन्ही विमानतळ एकदमच धुक्यात जाऊ शकतात.

अनेक छोट्या विमानतळांवर रात्री कोणीच नसते. तिथले दिवे वैमानिक स्वतः लावतो. ठरलेल्या वारंवारतेवर पाच सेकंदांत रेडिओचे बटण तीनदा दाबले तर मंद, पाचदा दाबले तर मध्यम आणि सातदा दाबले तर पूर्ण प्रकाश लागतो. ती वारंवारता आधी लिहून ठेवलेली हवी. दिवे दुरुस्तीसाठी बंद असल्याची सूचना निघाली आहे का, हेही निघण्यापूर्वी बघून घ्यावे लागते. हिरवा आणि पांढरा असा आळीपाळीने दिसणारा फिरता दिवा म्हणजे नागरी विमानतळ. एका हिरव्यानंतर दोन पांढरे लखलखाट दिसले तर तो लष्करी, आणि तिथे चुकून उतरणे महागात पडते.

विमानात दोन बॅटऱ्या, जादा सेल आणि छापील नकाशा ठेवायची रीत आहे. १९९० च्या दशकात जीपीएस छोट्या विमानांत आले, मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि २०१० नंतर टॅब्लेटवर नकाशे, हवामान आणि वाऱ्याचा हिशोब असे सगळे एकत्र आले. आपण कुठे आहोत, हा चारांपैकी पहिला प्रश्न बराचसा सुटला. पण विजेचा पुरवठा गेला तर पडदाही जातो, म्हणून प्रत्येक टप्प्याची दिशा, वेळ आणि इंधन कागदावर लिहून मांडीवर ठेवायला अजूनही शिकवले जाते. शेवटी उड्डाणाचा आराखडा नोंदवला जातो. पोचण्याच्या वेळेनंतर अर्धा तास उलटूनही वैमानिकाने तो बंद केला नाही, तर त्याची चौकशी सुरू होते. हवामान, इंधन आणि उतरण्याची जागा या बाकीच्या तीन प्रश्नांची माहिती यंत्रे पुरवतात. ती पाहून त्या रात्री निघायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हा निर्णय मात्र वैमानिकालाच घ्यावा लागतो.